दाराआडून आवाज येतो, मग माणूस का दिसत नाही?

आई आतल्या खोलीत फोनवर बोलतेय. दार सताड उघडं आहे, पण तुम्ही बाहेर भिंतीच्या आडोशाला बसला आहात. तिचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं, ती मात्र दिसत नाही. ध्वनी हा तरंग आणि प्रकाशही तरंग, असं आपण शाळेत शिकतो. दोन्ही तरंगच असतील तर आवाज दारातून वळून तुमच्या कानापर्यंत येतो आणि प्रकाशाला तेवढं वळण का घेता येत नाही?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण नेमका हाच मुद्दा आयझॅक न्यूटनने मांडला होता. आवाज वाकड्या नळीतूनही सरळ नळीइतक्याच सहज जातो, प्रकाश मात्र वळून सावलीत शिरताना कधी दिसत नाही. तेव्हा प्रकाश हा तरंग नसून बारीक कणांचा झोत असला पाहिजे, असा त्याचा कल होता. न्यूटनचा दबदबा एवढा, की पुढची जवळपास शंभर वर्षं बहुतेकांनी तेच धरून ठेवलं. उत्तर सापडलं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि ते आहे तरंगलांबीत. एक तरंग किती लांब असतो, हे एकदा नीट कळलं की प्रकाश आणि ध्वनी या दोन धड्यांतल्या कितीतरी गोष्टी आपोआप उलगडतात. हे दोन धडे पुस्तकात एकमेकांपासून लांब ठेवलेले असतात. मला विचाराल तर ते शेजारी शेजारी ठेवूनच शिकायला हवेत.

आधी ध्वनी. स्पीकरच्या पडद्याला हलकेच बोट लावा. तो थरथरत असतो. पडदा पुढे आला की समोरची हवा दाबली जाते, मागे गेला की तिथली हवा विरळ होते. दाबलेली हवा पुढच्या थराला ढकलते, तो थर त्याच्या पुढच्याला. देवळात दर्शनाच्या रांगेत मागून कुणी धक्का दिला की तो धक्का थेट पुढच्या माणसापर्यंत पोचतो, पण मागचा माणूस काही गाभाऱ्यात जात नाही. जो तो थोडा हलून आपल्या जागी परत येतो. हवेतही तसंच घडतं. स्पीकरजवळची हवा तुमच्या कानापर्यंत येत नाही, येतो तो धक्का. दाबल्या गेलेल्या भागाला संपीडन म्हणतात आणि विरळ भागाला विरलन. हवेचे कण मागे-पुढे हलतात आणि तरंगही त्याच दिशेने जातो, म्हणून ध्वनी हा अनुतरंग.

इथे पुस्तकातली एक आकृती मुलांना हमखास फसवते. ध्वनी म्हणून नागमोडी रेघ काढलेली असते, आणि हवेत आवाज खरोखरच सापासारखा वरखाली होत जातो असा मुलांचा समज होतो. ती रेघ म्हणजे आलेख आहे. कुठल्या ठिकाणी हवेचा दाब किती वाढला आणि किती कमी झाला, एवढंच ती सांगते. रेघेचा उंचवटा म्हणजे संपीडन, खोलगटपणा म्हणजे विरलन. त्याच रेघेची उंची म्हणजे आयाम. तो मोठा असेल तर आवाज मोठा.

पडदा सेकंदाला जितक्या वेळा मागे-पुढे होतो ती वारंवारता, आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. वारंवारता जास्त तितका आवाज बारीक, कमी तितका खर्जातला. आता एका संपीडनापासून पुढच्या संपीडनापर्यंतचं अंतर घ्या. ही झाली तरंगलांबी. वेग, वारंवारता आणि तरंगलांबी यांना बांधणारं सूत्र एकच: वेग = वारंवारता × तरंगलांबी. हे सूत्र प्रकाशाला लागू पडतं, समुद्राच्या लाटांनाही लागू पडतं. ते घोकून ठेवण्यापेक्षा त्यात आकडे घालून बघण्यात खरी गंमत आहे.

२५ अंश सेल्सिअसच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. २० हर्ट्झचा खोल घुमारा घेतला तर त्याचा एक तरंग सुमारे १७ मीटर लांब निघतो, म्हणजे पाचमजली इमारतीच्या उंचीएवढा. २०,००० हर्ट्झच्या अतिबारीक आवाजाचा तरंग पावणेदोन सेंटिमीटरचा. आपलं बोलणं यांच्या मध्ये येतं. बाईच्या आवाजाची मूळ वारंवारता साधारण २०० हर्ट्झ धरली तर तरंग पावणेदोन मीटरचा. पुरुषाच्या आवाजाचा त्याहूनही लांब. म्हणजे बोलण्यातल्या मूळ सुराचा एकेक तरंग माणसाच्या उंचीएवढा किंवा त्याहूनही लांब असतो! बोलताना आपल्याला याचा पत्ताही नसतो.

नळाखाली भांडं भरत असताना आवाज हळूहळू बारीक होत जातो, हे तुम्ही ऐकलंच असेल. कित्येक जण स्वयंपाकघरात न जाता त्यावरूनच भांडं भरत आल्याचं ओळखतात. ३० सेंटिमीटर उंचीचा उभट, सरळ डबा घ्या. रिकामा असताना त्यातल्या हवेच्या स्तंभात बसणारा सगळ्यात लांब तरंग स्तंभाच्या साधारण चौपट असतो, म्हणजे १२० सेंटिमीटर. सूत्रात घाला: सुमारे २९० हर्ट्झ. पाणी चढत गेलं, वर ५ सेंटिमीटर हवा उरली, की तरंग २० सेंटिमीटरचा आणि वारंवारता १,७०० हर्ट्झच्या पुढे. पाण्याने फक्त हवेची जागा कमी केली, बाकीचं काम सूत्राने केलं. बासरीवर एकेक भोक मोकळं केलं की सूर चढतो, त्याचं कारणही हेच.

वेगाबद्दल बोलायचं तर थंड हवेत आवाज थोडा हळू जातो. शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, आणि पुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.६ मीटरची वाढ. पाण्यात तो सुमारे १,५०० मीटर जातो, पोलादात ५,००० मीटरहून जास्त. ‘पदार्थाची घनता जितकी जास्त तितका आवाज वेगवान’ असं पुष्कळदा सांगितलं जातं, पण ते खरं नाही. नुसत्या घनतेने वेग उलट कमी होतो. पोलाद दाबायला अतिशय कठीण असतं, दाबलं की ताबडतोब मूळ जागी येऊ बघतं, आणि हा ताठरपणा घनतेवर मात करतो.

पाण्यातला वेग मोजण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग १८२६ मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात झाला. डॅनियल कोलाडॉन आणि चार्ल्स स्टर्म दोन होड्यांत होते. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगली होती, आणि घंटेवर ठोका पडेल त्याच क्षणी होडीवरची दारू भडकेल अशी व्यवस्था केली होती. लांबच्या होडीतला माणूस पाण्यात बुडवलेल्या नळीला कान लावून बसला होता. जाळ दिसला की वेळ सुरू, घंटा ऐकू आली की वेळ बंद. उत्तर आलं सेकंदाला १,४३५ मीटर. जाळ दिसायला वेळच लागत नाही असं त्यांनी धरलं, आणि त्या अंतरासाठी ते योग्यच होतं.

कारण प्रकाशाचा निर्वातातला वेग आहे सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, ढोबळमानाने तीन लाख किलोमीटर. सूर्यापासून आपल्यापर्यंत यायला त्याला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद लागतात. वीज एक किलोमीटरवर चमकली तर तिचा प्रकाश सेकंदाच्या सुमारे तीन लाखाव्या भागात पोचतो. गडगडाट जवळजवळ तीन सेकंद घेतो. चमक आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजा, तीनने भागा, वीज किती किलोमीटरवर पडली ते कळेल. उत्तर काहीही आलं तरी गडगडाट ऐकू येत असताना मैदानात थांबू नका, झाडाखाली तर नाहीच नाही.

आवाज पाण्यात वेग घेतो, प्रकाशाचं उलट. पाण्यात तो सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो, काचेत सुमारे दोन लाखांवर. वेग बदलला तरी वारंवारता तीच राहते, म्हणून तरंगलांबी आखूड होते. काचेत प्रत्येक रंगाचा वेग जरा वेगळा, म्हणून प्रत्येक रंग वेगळ्या कोनात वळतो, आणि लोलकातून सात रंगांचा पट्टा बाहेर पडतो.

प्रकाशात मग हलतं तरी काय? हवा नक्कीच नाही. १६६० च्या सुमारास रॉबर्ट बॉइलने काचेच्या पात्रातली हवा पंपाने काढून घेतली, तेव्हा आतल्या वस्तूचा आवाज विरत गेला. वस्तू मात्र पहिल्याइतकीच स्पष्ट दिसत राहिली. आवाजाला माध्यम लागतं, प्रकाशाला लागत नाही. प्रकाशात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं कमी-जास्त होतात, आणि त्यांना टिकून राहायला कुठल्याही पदार्थाची गरज नसते. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने विजेच्या आणि चुंबकाच्या नियमांवरून अशा तरंगाचा वेग काढला, तो प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशी जुळला. माझ्या मते विज्ञानाच्या इतिहासातल्या सगळ्यात थक्क करणाऱ्या हिशोबांपैकी तो एक आहे.

ही क्षेत्रं तरंगाच्या वाटेला काटकोनात डोलतात, म्हणून प्रकाश हा अवतरंग. याचा पुरावा घरी मिळतो. कुणाकडे पोलरॉइड गॉगल असेल तर त्यातून मोबाइलच्या पडद्याकडे बघा आणि मोबाइल हळूहळू फिरवा. बऱ्याच मोबाइलचा पडदा एका स्थितीत काळाठिक्कर पडतो. गॉगलची काच एकाच दिशेने डोलणारा प्रकाश आत घेते. आवाजाला अशी आडवी-उभी दिशाच नसते, त्यामुळे त्याला अडवणारा असा गॉगल बनवताच येणार नाही.

आता प्रकाशाच्या तरंगाचा आकार. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरमध्ये असे १,८०० तरंग एकामागे एक मावतात. तांबडा याहून लांब, ७०० नॅनोमीटरपर्यंत. जांभळा आखूड, ४०० च्या आसपास. डोळ्याला दिसणारं सगळं जग एवढ्याशा पट्ट्यात बसलेलं आहे.

नियम असा, की तरंगाच्या वाटेतली फट तरंगलांबीएवढी किंवा तिच्याहून लहान असेल तर पलीकडे गेल्यावर तरंग सगळीकडे पसरतो. फट तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठी असेल तर तो जवळजवळ सरळ निघून जातो. या पसरण्याला विवर्तन म्हणतात. दार ९० सेंटिमीटरचं आणि आईच्या आवाजाचा तरंग पावणेदोन मीटरचा, म्हणून आवाज दारातून बाहेर पडताच चहूकडे पसरतो. (घरात भिंतींवरून परावर्तन होऊनही थोडा आवाज येतो, पण उघड्या मैदानात एखाद्या भिंतीमागे उभं राहिलं तरी बोलणं ऐकू येतं, ते मुख्यतः विवर्तनामुळे.) प्रकाशाच्या दृष्टीने तेच दार एका तरंगाच्या सोळा लाख पट रुंद आहे. त्याला वळायचं काही कारणच उरत नाही. न्यूटनचं निरीक्षण बरोबर होतं. प्रकाशाचे तरंग इतके बारीक असतील, हे त्याने धरलं नव्हतं.

मग प्रकाशालाही पुरेसा बारीक अडथळा दिला तर? लंडनमधला डॉक्टर थॉमस यंग याने १८०३ मध्ये तेच केलं. खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडून सूर्यप्रकाशाची तिरीप आत घेतली आणि तिच्यात कार्डाची एक मिलिमीटरहून कमी जाडीची पट्टी धरली. पट्टीच्या सावलीत उजळ आणि काळे पट्टे दिसले. एका कडेने येणारा प्रकाश अडवताच सावलीतले ते पट्टे नाहीसे झाले. दोन्ही कडांनी वळून आलेले तरंग एकमेकांत मिसळत होते: उंचवटा उंचवट्याला भेटला तिथे उजेड, उंचवटा खोलगटाला भेटला तिथे अंधार. कणांच्या झोतात प्रकाशात प्रकाश मिळवून अंधार करता येत नाही. (१९०५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं, की प्रकाशाची ऊर्जा पुडक्या-पुडक्यांनीही येते. पण ती पुडकी न्यूटनच्या कणांपेक्षा फार वेगळी, आणि तरंगाचे हे नियम त्यांनाही चुकत नाहीत.)

यंगचा प्रयोग आज तुम्ही डोक्यावरच्या एका केसाने करू शकता. लाल लेझर पॉइंटर लागेल आणि शेजारी मोठं माणूस हवं. लेझर कुणाच्याही डोळ्यावर पडू द्यायचा नाही, आरशावर किंवा चकचकीत भांड्यावरही नाही. ही अट पाळायची नसेल तर प्रयोग करू नका. केस लेझरच्या तोंडावर उभा ताणून चिकटपट्टीने बसवा. खोलीत अंधार करा आणि दोन मीटर लांबच्या भिंतीवर प्रकाश टाका. भिंतीवर केसाची सावली दिसेल असं वाटतं, पण दिसतात ते आडव्या ओळीतले लाल ठिपके, मधे मधे काळ्या फटी. मधला ठिपका सगळ्यात ठसठशीत, दोन्ही बाजूंना मंद होत गेलेले. एकाच बाजूच्या दोन लगतच्या काळ्या फटींच्या मध्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. लेझरची तरंगलांबी त्याच्या लेबलवर असते, बहुधा ६५० नॅनोमीटर. तरंगलांबीला भिंतीच्या अंतराने गुणा आणि मोजलेल्या अंतराने भागा. आलेलं उत्तर म्हणजे तुमच्या केसाची जाडी. फटींतलं अंतर १.९ सेंटिमीटरच्या आसपास आलं तर केस सुमारे ७० मायक्रोमीटरचा. बारीक केस लावला तर ठिपके लांब लांब जातात, जाड लावला तर जवळ येतात. शाळेच्या फुटपट्टीने मिलिमीटरचा चौदावा भाग मोजता येतो, हे मुलांना एकदा करून दाखवाच.

गणपतीच्या मिरवणुकीतही हे विवर्तन ऐकू येतं. पथक दोन गल्ल्या पलीकडे असताना फक्त ढोलाचा ठोका येतो. ताशाची तडतड पथक कोपऱ्यावरून वळून समोर आल्यावरच कानात घुसते. ढोलाच्या खर्जाचे तरंग कित्येक मीटर लांब. इमारतींच्या कडांना वळसा घालून ते गल्लीत शिरतात, भिंतींमधूनही बऱ्यापैकी पार होतात. ताशाचे तरंग आखूड, ते इमारतींच्या आड अडतात आणि हवेतही लवकर शोषले जातात. म्हणूनच मोठ्या स्पीकरच्या भिंतींचा त्रास खिडक्या लावूनही कमी होत नाही. खिडकी बारीक आवाज अडवते, पोटात जाणवणारा खर्ज तसाच आत येतो. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर हे फार गांभीर्याने घ्यायला हवं.

एखादी वस्तू तरंगाने ‘बघायची’ असेल तर तरंग त्या वस्तूपेक्षा लहान हवा. वटवाघूळ किडे शोधायला आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज वापरतं; ५०,००० हर्ट्झचा तरंग जेमतेम ७ मिलिमीटरचा, किड्यावरून परतायला योग्य. सोनोग्राफीत वारंवारता लाखांच्या घरात जाते. ३५ लाख हर्ट्झचा तरंग शरीरात अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो, म्हणून पोटातल्या बाळाची बोटं दिसतात. साध्या सूक्ष्मदर्शकातून जिवाणू दिसतो, पण करोनाचा विषाणू दिसत नाही, कारण तो सुमारे १०० नॅनोमीटरचा, प्रकाशाच्या तरंगाच्या एक पंचमांश. भिंग कितीही चांगलं घेतलं तरी ही अडचण सुटत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

आकाशाच्या रंगातही आकाराचाच हिशोब आहे. हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगापेक्षा फार लहान, आणि इतके लहान कण आखूड तरंगांना जास्त विखुरतात. निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून अधिक. म्हणून दिवसा सगळीकडून निळा येतो, आणि संध्याकाळी लांबचा पल्ला कापून आलेल्या उन्हात तांबडा उरतो. ढगातले पाण्याचे थेंब तरंगापेक्षा कितीतरी मोठे, ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून ढग पांढरे. १९२१ मध्ये बोटीने इंग्लंडहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांना समुद्राच्या निळाईने असाच प्रश्न पाडला, आणि त्या वाटेने ते २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामापर्यंत पोचले: रेणूंवरून विखुरताना थोड्या प्रकाशाची तरंगलांबीच बदलते. त्याआधी याच रामन यांनी व्हायोलिन, तबला आणि मृदंगाच्या नादावर काम केलं होतं. ध्वनी आणि प्रकाश त्यांनी वेगळे धडे मानले नाहीत.

स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्या दाराला आतून बारीक भोकांची जाळी असते. आतले तरंग सुमारे १२ सेंटिमीटरचे, भोकं एखाद-दोन मिलिमीटरची, त्यामुळे ते तरंग बाहेर पडत नाहीत. त्याच भोकांतून प्रकाश आरामात येतो आणि आतली वाटी दिसते. हे मायक्रोवेव्ह, रेडिओ आणि मोबाइलचे तरंग प्रकाशाच्याच कुटुंबातले आहेत. फरक फक्त तरंगलांबीचा.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिथे हेच तत्त्व प्रचंड प्रमाणावर दिसतं. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. प्रा. गोविंद स्वरूप यांनी त्या भरीव पत्र्याच्या न करता बारीक तारेच्या जाळीच्या केल्या. अवकाशातून येणारे जे तरंग टिपायचे ते २१ सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटरपर्यंतचे. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, म्हणून त्या तरंगांच्या दृष्टीने जाळी हा अखंड आरसाच ठरतो. वारा मात्र तिच्यातून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त झाला.

डिश ३० का, तेही तरंगलांबीवरूनच कळतं. दुर्बिणीला किती बारकावा दिसणार हे तिचं तोंड किती तरंगलांबींएवढं रुंद आहे यावर ठरतं. आपल्या डोळ्याची बाहुली तीन मिलिमीटरची धरली तरी ती प्रकाशाच्या पाच हजारांहून जास्त तरंगांएवढी रुंद असते. एक मीटरच्या रेडिओ तरंगांसाठी ४५ मीटरची डिश म्हणजे अवघे ४५ तरंग. एकटी डिश आपल्या डोळ्यापेक्षा किती तरी अंधुक बघते. म्हणून ३० डिश सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत आणि सगळ्यांनी टिपलेले तरंग एकत्र जुळवले जातात. तेव्हा कुठे एक मीटरच्या तरंगांनाही डोळ्याच्या काही पट बारकावा मिळतो. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विद्यार्थ्यांसाठी प्रदर्शन भरतं. गेलात तर मोबाइल बंद ठेवा, त्याचे तरंग डिशला थेट ऐकू जातात. आणि डिशजवळ उभं राहून जाळीच्या भोकांचा आकार स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.